शून्य मिनिटाची ऊब

माझी बायको शोभा सातवीपर्यंत शिकलेली होती, पण इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं तिनं आमच्या मुलीबरोबर पुरी केली. हे मी कौतुकानं वाढवून सांगत नाही. आमच्या घरी तशी पद्धतच पडली होती.

आम्ही सुरतला पांडेसऱ्यात राहतो. मूळ गाव अमळनेरकडचं, म्हणून शोभाच्या तोंडी अहिराणीच असायची. एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर पत्र्याचा माळा. मी डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पंप, व्हॉल्व्ह, वाफेच्या लाइनी बघणं हे माझं काम. शोभा घरी साड्यांचे धागे कापायची. भरतकामाच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला धाग्यांची शेपटं लोंबत असतात. ती छोट्या कात्रीनं कापायची, साडी झटकायची, घडी घालायची, दुसरी घ्यायची. आमच्या गल्लीत पुष्कळ बायका हे काम करतात. शेजारच्या मालतीबाई मार्केटमधून गठ्ठे आणतात आणि घरोघरी वाटतात.

शोभा धागे कापायला बसली की आमची धनश्री तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसायची आणि त्या दिवशी जे शिकली ते मोठ्यानं सांगायची. शाळेपासूनची सवय. शोभाला त्यातलं काय कळायचं ते तीच जाणे. मान खाली, कात्री चालू, आणि धनश्री थांबली की ती म्हणायची, "मंग?"

एवढंच. पुढचं सांगता आलं तर विषय आला. नाही सांगता आलं तर धनश्रीला आपोआप कळायचं की इथं आपलं कच्चं आहे. मग ती पुन्हा पुस्तकात डोकं घालायची आणि शोभा दुसरी साडी उलगडायची.

लाप्लास ट्रान्सफॉर्म आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा मी पाळीवरून येऊन हातपाय धूत होतो. धनश्री सांगत होती, "मम्मी, एखादी गोष्ट किती वेगानं बदलते त्याचं समीकरण असतं. ते तसंच सोडवायला फार किचकट. म्हणून त्याला दुसऱ्या गावाला पाठवायचं. त्या गावाचं नाव एस. तिथं वेगबिग काही नसतं, नुसता गुणाकार आणि भागाकार. तिथं सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं."

"आपलासारखंच शे मंग," शोभा म्हणाली. "गावले जमनं नही म्हनीसन सुरतले उनूत."

"हो, अगदी तसंच. गावाला जमलं नाही म्हणून इकडं आलो."

"आनी परत कधी जातस?"

"उत्तर मिळालं की."

"म्हंजे आपलं उत्तर अजून येवानं शे." तिनं एक धागा कापला. "मंग?"

मी मोरीतून हसलो होतो ते मला आठवतं.

गेल्या श्रावणात शोभा डेंग्यूनं गेली. ताप आला, उतरला, आम्हाला वाटलं बरी झाली. ताप उतरल्यावरच खरं सांभाळायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्यानंतर धनश्री अभ्यासाला बसायची, पण तोंड उघडायची नाही. पुस्तक समोर, नजर पुस्तकात, पान तेच. शेजारच्या मिक्सरचा आवाज आणि रस्त्यावरच्या टेम्पोंचे हॉर्न यापलीकडे घरात काही ऐकू यायचं नाही. तिची शाखा इन्स्ट्रुमेंटेशन, वर्ष तिसरं. दिवाळीनंतरच्या परीक्षेत कंट्रोल सिस्टीमच्या पेपरातून ती अर्ध्या वेळात उठून आली. मीसुद्धा तेव्हा मिलमध्ये पाना हातात घेऊन, कुठला नट आवळायचा होता ते विसरून उभा राहायचो.

उन्हाळ्याच्या परीक्षेला तो विषय पुन्हा द्यायचा होता. त्याआधी एक प्रोजेक्ट करायचं होतं, त्याच्या फाइलवर मॅडमची सही झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. धनश्रीनं आमच्याच मिलचं एक डाइंग मशीन घेतलं. रंगवलेल्या कापडाचा लॉट उतरल्यावर मशीन नुसतं पाणी तापवून धुतात. त्या वेळी वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायचा आणि पाणी कसकसं तापतं ते दर पाच मिनिटांनी लिहायचं. तेवढ्यावरून मशीनचं ट्रान्सफर फंक्शन नावाचं सूत्र काढायचं. मी डाइंग मास्टरला विचारून परवानगी मिळवली. मशीनवरचा निंबा आमच्याच तालुक्यातला, त्यानं तिला स्टूल दिलं, चहा पाजला. दोन वेगवेगळ्या दिवशी तिनं दोनदा रीडिंग घेतलं. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

एका मंगळवारी ती कॉलेजातून आली आणि बॅग खांद्यावरून न काढताच म्हणाली, "पप्पा, मी परीक्षेला बसत नाही."

"काय झालं?"

"जरीवाला मॅडमनी फाइल परत दिली. म्हणाल्या, एका मशीनचा टाइम कॉन्स्टंट एकच असतो. तुझा एका दिवशी एकवीस मिनिटं आलाय आणि दुसऱ्या दिवशी बारा. मशीन रोज वेगळं असतं का?"

"हा टाइम कॉन्स्टंट म्हणजे काय?"

"मशीन किती सुस्त आहे त्याचा आकडा. वाफ सोडल्यावर जितकं तापायचं त्याच्या दोन तृतीयांशाला जरा कमी इतकं तापायला लागणारा वेळ."

"मग चूक तुझी की मशीनची?"

"मॅडमना वाटतं रीडिंग घरी बसून लिहिलंय. म्हणाल्या, दुसऱ्या दिवसाचं मशीन पहिल्या पाच मिनिटांत उडी मारतं आणि मग चालायला लागतं, असं पाणी मी पाहिलं नाही." तिनं बॅग टाकली. "शनिवारी बोर्डवर समजावून दे म्हणाल्या. नाहीतर सही नाही."

"मग समजावून दे."

"मला नाही येत. मालतीमावशीचा भाऊ कतारगामला हिऱ्याच्या ऑफिसात आहे. तिथं कॉम्प्युटरवर मुली पाहिजेत. मी जाते."

मालतीबाईंचा भाऊ चांगला माणूस आहे आणि त्या कामातही काही वाईट नाही. पण ती ते काम करायचं म्हणून जात नव्हती, पुस्तक बंद करायचं म्हणून जात होती. एकदा गेली की परत यायची नाही हे मला दिसत होतं. वर्ष बुडणं वेगळं आणि मुलगी बुडणं वेगळं.

मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "मला सांग. मम्मीला सांगायचीस तसं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वही उघडली. "वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा उघडला..."

"कुठला? वरचा की बायपासचा?"

"वरचा. तर त्यामुळं..."

"दाब किती होता लाइनीत? त्या दिवशी बॉयलरला कोळसा ओला होता."

"पप्पा."

"बरं, सांग. पण ट्रॅपमध्ये पाणी साठलं असेल तर..."

तिनं वही मिटली. "तुम्ही मध्येच किती बोलता! मम्मी असं करायची नाही."

बरोबर होतं तिचं. वाफेचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. तीस वर्षं तेच केलंय.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी मालतीबाईंच्या दारात उभा राहिलो. "मालतीताई, एक गठ्ठा द्या."

"कोन कापी?"

"मी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोंडाला पदर लावला. मग पदरही पुरेना. आतून त्यांच्या सुनेनं डोकावून विचारलं काय झालं, तिलाही सांगितलं, तीही हसली. शेवटी डोळे पुसत त्यांनी एक गठ्ठा पुढं सरकवला. "साध्या कामाच्या देते भाऊ. ती हिरवी राहू द्या, तिच्यावर लई बारीक काम शे. पान्याची सवय तुमच्या हाताला."

शोभाची कात्री बिस्किटाच्या डब्यात होती. मी चष्मा लावला, तिच्या जागी, भिंतीला टेकून बसलो आणि पहिली साडी मांडीवर घेतली. माझी बोटं कात्रीच्या कड्यात जाईनात. अंगठा कसाबसा घातला. दोन-तीन धागे बरे कापले गेले, आणि मग कच्चकन आवाज आला. धाग्याबरोबर कापडही आलं. बोटाच्या पेराएवढं भोक.

धनश्री स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं ते भोक पाहिलं, माझा चष्मा पाहिला, अंगठ्यात अडकलेली कात्री पाहिली.

"पप्पा, धागा कापायचा असतो. साडी नाही."

"मला माहीत आहे."

"मालतीमावशी तुम्हाला गल्लीतून हाकलून देईल."

"तू तुझं काम कर, मी माझं करतो. मंग?"

"काय मंग? मी काही बोललेच नाही अजून."

"मग बोल."

ती हसली. श्रावणानंतर घरात हसण्याचा आवाज पहिल्यांदा आला. मग ती समोर बसली आणि वही उघडली. मी मान वर केली नाही. मी ठरवलं होतं, वाफेचा कुठलाही पाइप फुटला तरी तोंड उघडायचं नाही.

"मशीनमध्ये पाणी आहे," ती म्हणाली. "वाफ त्याला ऊब देते. मशीनच्या अंगातून थोडी ऊब बाहेर जाते. पाणी खोलीपेक्षा जितकं गरम, तितकी ती जास्त जाते. आत येणारी वजा बाहेर जाणारी, त्यावरून तापमान किती वेगानं बदलणार ते ठरतं. हे झालं डिफरन्शियल इक्वेशन."

"मंग?"

"मग त्याला पाठवायचं एसच्या गावाला." ती क्षणभर थांबली. मी कात्री चालू ठेवली. "तिथं गेल्यावर, जिथं बदलण्याचा वेग लिहिलेला असतो तिथं नुसतं एसनं गुणायचं. आणि त्यातून सुरुवातीची किंमत वजा करायची."

"मंग?"

"मग सुरुवातीची किंमत शून्य धरायची. ती टर्म जाते. आता बाहेर आलेलं भागिले आत गेलेलं. आत गेली वाफ, बाहेर आलं तापमान. भागाकार केला की वर एक आकडा राहतो आणि खाली टाउ एस अधिक एक. टाउ म्हणजेच तो टाइम कॉन्स्टंट. हेच ट्रान्सफर फंक्शन. आत किती वाफ घातली त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो मशीनचा स्वभाव."

मी मंग म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "शून्य म्हणजे किती?"

मला वाटलं आता वही मिटणार. पण तिनं उत्तर दिलं. "शून्य म्हणजे खोलीइतकं. मशीन गार असतं तिथपासून मोजायचं. तापमान खोलीपेक्षा किती वर गेलं तेवढंच मोजायचं."

"गार?" मी हसलो. "आमचं मशीन सुट्टीचा दिवस सोडला तर गार कधी असतं?"

"म्हणजे?"

"अगं, लॉट थंड करायला जे पाणी फिरवतात ते गरम होऊन बाहेर येतं. ते आम्ही गटारात थोडंच सोडतो? वरच्या टाकीत साठवतो आणि पुढच्या भरणीला तेच घालतो. तेवढी वाफ वाचते. सुट्टीनंतरच्या पहिल्या भरणीला टाकी थंड असते, तेव्हाच काय ते गार पाणी."

धनश्रीनं वहीची मागची पानं उलटली.

"पहिलं रीडिंग सुट्टीनंतरच्या सकाळी, पहिल्याच भरणीला घेतलं होतं," ती म्हणाली. "दुसरं गुरुवारी."

"मग गुरुवारी निंबानं गरमच भरलं असणार."

"मला का नाही सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? मी विचार केला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. मिलमध्ये सगळे तेच करतात. मग मला भलतीच भीती वाटली. "म्हणजे तुझं सूत्र गेलं की. गरम पाण्यानं मशीनच बदललं."

ती पेन्सिल वहीवर टेकवून बसली होती. कान लाल झाले होते. लहानपणी चोरून चिंच खाताना सापडली की असेच व्हायचे.

"पप्पा, गुरुवारचं शून्य मिनिटाचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं. निंबाकाकांनी चहा आणला आणि मी तिकडं गेले. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा साठ होतं. मग शून्याच्या ओळीत मी खोलीचं तापमान लिहून टाकलं. बत्तीस. पुस्तकात सुरुवात शून्यच असते म्हणून."

"म्हणजे मॅडमचा संशय..."

"एका ओळीपुरता खरा आहे." तिनं ती ओळ खोडली. मग नवं पान काढलं. "थांबा. तुम्ही कापत राहा."

मी कापत राहिलो. ती आता मला सांगत नव्हती, पण ओठ हलत होते, आणि मधूनच आवाज फुटत होता. "टर्म घालवायची नाही. ठेवायची. आता भागाकार केला की दोन तुकडे पडतात..." एक साडी संपली. मी घडी घातली, ती वाकडी झाली, पुन्हा घातली.

"पप्पा, मशीन बदललं नाही."

"मंग?"

"बघा. दोन तुकडे आहेत. एक वाफेचा. एक आधीच्या उबेचा. दोन्हींच्या खाली तेच आहे, टाउ एस अधिक एक. स्वभाव तोच. मी काय केलं, दोघांची बेरीज पाहिली आणि सगळं वाफेचंच धरलं. म्हणून वाटलं मशीन चलाख झालं, बारा मिनिटांतच तापलं. ते चलाख नव्हतं. त्याच्याकडे आधीचं काहीतरी होतं."

"आणि शून्य धरायचं ते?"

"स्वभाव काढायचा असतो तेव्हा तेवढ्यापुरतं शून्य धरायचं. म्हणजे मशीनचं स्वतःचं काय ते कळतं. पण खरं मशीन चालवताना आधीची ऊब मोजावीच लागते. वेगळी लिहायची आणि मिळवायची." तिनं पेन्सिल फिरवली. "आता हे उत्तर घेऊन परत गावाला यायचं."

परत गावाला म्हणताना ती थोडी अडखळली. पण थांबली नाही. खाली एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली. मला त्यातलं वाचता आलं नाही.

"यात आधीच्या उबेचं पुढं काय होतं?" मी विचारलं.

"ती कमी कमी होत जाते. आधी भराभर, मग हळूहळू."

"आणि शेवटी शून्य?"

"शून्याच्या जवळ जाते. गणितात ती पुरती शून्य कधीच होत नाही, पप्पा."

मी साडीकडे बघत राहिलो. बराच वेळ मला धागा दिसेना. चष्मा पुसून घेतला.

तिनं मागे हिशेब करत जाऊन सांगितलं, की गुरुवारी सुरुवातीला पाणी साधारण बावन्न अंशांचं असायला हवं. आणि ते खरं आहे का हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याबरोबर मिलमध्ये आली. निंबा मशीन भरत होता. तिला बघताच म्हणाला, "ये माय. चहा सांगू?"

"आज चहा नंतर, काका. त्या दिवशी तुमच्या चहानं माझी फाइल परत आली."

"माझ्या चहानं?" निंबा माझ्याकडे वळला. "भिकनभो, ऐकी राह्यना का? पोरगी काय म्हनस!"

"काका, तुम्ही टाकीतलं गरम पाणी भरता हे मला का नाही सांगितलं?"

निंबानं हात वर केले. "हाई काय सांगानी गोट शे का? मीठ खारं ऱ्हास, हाई कोनी सांगस का?"

ती पॅनलसमोर जाऊन उभी राहिली. निंबानं वाफेचा व्हॉल्व्ह अर्ध्यावर नेला आणि मोठ्यानं ओरडला, "सोडली!" पॅनलवर आकडा होता त्रेपन्न. तिनं तो लिहिला, आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी लांबून पाहत होतो. मग ती स्टूल ओढून बसली आणि पाणी तापून आकडा नव्वदच्या आसपास थबकेपर्यंत जागची हलली नाही. या वेळी शेवटच्या आकड्याला पोचायला दर वेळी किती अंश उरले ते धरून हिशेब केला, तर टाइम कॉन्स्टंट एकवीस मिनिटांच्या अगदी जवळ आला. निंबाला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

शनिवारी मी अर्धी रजा टाकली. ती नको म्हणाली, तरी गेलो. कॉलेजच्या पार्किंगपाशी एक कडुलिंब आहे, त्याखाली मुलामुलींच्या गाड्या लावलेल्या असतात. तिथं एका दगडावर बसलो. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. वॉचमननं दोनदा विचारलं, काका, कोणाला भेटायचंय? मी म्हटलं, कोणाला नाही, मुलगी आत आहे.

शोभा असती तर ती इथं साडी घेऊन बसली असती, असं मनात आलं. आणि वॉचमनला विचारून विचारून त्याचं गावसुद्धा काढून घेतलं असतं.

धनश्री बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला खडू लागला होता. तोंडावरून काही कळेना. माझ्याजवळ येऊन दगडावर टेकली.

"मी आधीच सांगून टाकलं," ती म्हणाली. "शून्याच्या ओळीत मी मनानं भरलं होतं म्हणून. मॅडम म्हणाल्या, त्याचे गुण कापणार."

"कापू दे."

"मग म्हणाल्या, आता बोर्डवर ये. मी इक्वेशन लिहिलं. एसमध्ये नेलं. आणि सुरुवातीची किंमत लिहायची वेळ आली, आणि पप्पा, माझा हात थांबला. सगळं येत होतं. पण आवाजच निघेना. समोर कोणी साडी घेऊन बसलेलं नव्हतं ना."

मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं झालं, संपलं.

"मॅडम फाइल चाळत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. पान उलटता उलटता म्हणाल्या, 'पछी?'"

पछी म्हणजे गुजरातीत मग. सुरतेत दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारा शब्द.

"तशाच म्हणाल्या, पप्पा. मान खाली घालून."

"मंग?"

"मग मी सगळं सांगितलं. दोन्ही तुकडे. टाकीचं पाणी, निंबाकाका, चहा, सगळं. आणि म्हटलं, मशीन एकच आहे, टाउ एकच आहे, फक्त सुरुवात शून्यातून नव्हती." तिनं बॅगेतून फाइल काढली. शेवटच्या पानावर हिरव्या शाईची सही होती. "म्हणाल्या, हे पुस्तकात वाचलं असतंस तर विसरली असतीस. जा, पेपरची तयारी कर. पेपरला हात थांबला तर मी नसेन तिथं."

"खरं आहे ते."

"हो. पेपर अजून व्हायचाय." तिनं सही पुन्हा एकदा पाहिली. "पण मी बसणार आहे."

येताना आम्ही मालतीबाईंच्या दारात थांबलो. धनश्री त्यांच्या भावाच्या ऑफिसात येत नाही हे सांगायला, आणि पुढचा गठ्ठा घ्यायला. भोक पडलेल्या साडीवरून त्यांनी मला पुरतं झोडपलं होतं, ते परत एकदा थोडक्यात झोडपलं. मग धनश्रीच्या हातातली फाइल पाहिली, सही पाहिली, आणि आत जाऊन गठ्ठ्यावर एक साडी जास्तीची ठेवली. ती हिरवी होती.

"पोरगीजवळ द्या ती कापायला," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही हात लावू नका."

संध्याकाळी मी माझ्या जागी बसलो, म्हणजे शोभाच्या. कात्री आता अंगठ्यात बरी बसते. धनश्रीनं पुढचा धडा काढला. हिरवी साडी तिनं बाजूला, पलंगावर ठेवली होती.

"आता एकाऐवजी दोन टाक्या आहेत, पप्पा. एकीतलं पाणी दुसरीत जातं. म्हणजे एकीचा स्वभाव गुणिले दुसरीचा."

"मंग?"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मम्मीसारखं म्हणू नका. तुम्हाला जमत नाही. तुमच्यासारखं म्हणा."

मी विचार केला. माझ्यासारखं म्हणजे कसं, ते मलाच माहीत नव्हतं. मग मी विचारलं, "त्या दोन टाक्यांमधल्या पाइपला व्हॉल्व्ह कुठला?"

तिनं कपाळावर हात मारला. मग हसत वही माझ्याकडे फिरवली आणि टाक्या काढून दाखवायला लागली.